नवी पावली

“हे घाल आधी,” बाकावर बसलेला लाओ वेन बायकोला म्हणाला. त्याच्या मांडीवरच्या पिशवीत पाऊल वर धरून ठेवणारी प्लास्टिकची पट्टी होती.

“त्यावर पांढरे बूट चढत नाहीत,” थान युएलान म्हणाली.

“मग काळे घाल.”

“नाचायला सगळ्या जणी पांढऱ्या बुटात आणि पुढे उभी राहणारी मी काळ्या?”

“तरी तुला सांगत होतो, अधूनमधून उठ. पण माजोंगच्या सोंगट्या हातात आल्या की तुझा पायावरचा पाय उतरेल तर शपथ!”

नववर्षाच्या सुट्टीत लेकीकडे डाव असा रंगला, की गुडघ्याच्या बाजूची नस कधी दबली ते युएलानला कळलंच नाही. उठली तेव्हा उजवं पाऊल लोंबत होतं, काही केल्या वर येईना. बरं होईल, पण सावकाश, असं डॉक्टर म्हणाले. इथे सावकाशीला वाव कुठे होता? नदीकाठच्या या बागेत रोज सकाळी बायकांचा नाच चालायचा, आणि पुढची जागा रिकामी दिसली की कोणीतरी ती भरायचंच. म्हणून तिने पायाचं कोणालाही सांगितलं नव्हतं.

पट्टी पिशवीतच ठेवून ती पांढऱ्या बुटात पुढे गेली, तर जागा भरलेलीच होती. गू निंग तिथे कंबरेवर हात ठेवून उभी होती, नाचायचा नवाकोरा लाल पंखा घेऊन.

“अगंबाई, ताई! आलात? थकल्यासारख्या दिसता. आजचा दिवस मागे उभ्या राहा की, मी सांभाळते पुढचं.”

हे ती इतक्या मायेने म्हणाली, की युएलानच्या अंगाचा तिळपापड झाला. “सांभाळलंस तेवढं पुष्कळ झालं. सरक.”

गाणं सुरू झालं. पुढे उभी राहणारी बाई नदीकडे तोंड करून नाचते, मागे वळून बघत नाही. मागच्या सगळ्या जणी तिचे पाय बघून नाचतात. आज युएलानला हेच नको होतं.

चौथ्या पावलालाच बुटाचं टोक फरशीत अडकलं आणि ती पुढे झुकली. लाओ वेन बाकावरून अर्धा उठला. ती पडली असती, तर पुढची जागा त्याच दिवशी गेली असती.

तिने उजवा गुडघा वर उचलला, चांगला कंबरेपर्यंत, उंच उंबरा ओलांडावा तसा. खाली लोंबणारं पाऊल फरशीला न लागता पुढे आलं आणि आपटलं. चप्प! पुढच्या वेळी तिने पुन्हा तसंच केलं. आता मागे हसू फुटणार, म्हणून तिचे कान तापले. तरी ती थांबली नाही.

हसू आलं नाही. मागून आवाज आला, बरोबर ठेक्यावर. चप्प!

गिरकी घेताना तिला दिसलं. ओळीच्या ओळी उजवा गुडघा उचलत होत्या, पाऊल सैल सोडत होत्या आणि आपटत होत्या. दोघी आजीबाई तर अशा रंगात आल्या होत्या, की डावा पायही आपटत होत्या. लाओ वेनने पिशवीत तोंड खुपसलं होतं आणि त्याचे खांदे गदगदा हलत होते. युएलानला इतका आनंद झाला, की पुढच्या कडव्याला तिने गुडघा आणखी वर नेला.

गाणं संपल्यावर गू निंग घाम पुसत जवळ आली. कोणी ऐकत नाही ना, ते तिने आधी पाहून घेतलं.

“ताई, ही पावली लेकीकडे शिकलात?”

“हो, तिकडेच.”

“गुडघा येतो हो माझा वर. पण पाऊल असं लुळं सोडायला जमतच नाही. आपोआप ताठ होतं मेलं.”

“सोपं नाहीच ग ते,” युएलान अगदी मनापासून म्हणाली. “उद्या जरा लवकर ये.”