चांगलं पाणी

रोह्याच्या एका केमिकल कंपनीत नदीकडे जाणाऱ्या सांडपाण्याच्या नाल्यावर पाण्यातलं आम्ल मोजणारं मीटर बसवलं होतं. त्याची काचेची कांडी रोज ब्रशने घासून परत नाल्यात सोडायची, हे गुणाजीचं काम. आकडा सातच्या आसपास आला की पाणी चांगलं, एवढं त्याला ठाऊक होतं. तपासणीवाले यायचे त्या दिवशी कांडी नाल्याऐवजी फळीखाली लपवलेल्या बादलीत बुडवायची. कंपनीच्या नळावर साहेबांचा भरवसा नव्हता, म्हणून बादलीसाठी पाणी गुणाजी सायकलवरून घरच्या विहिरीचं आणायचा. चार वर्षं आकडा न चुकता सात यायचा.

सत्त्याण्णवच्या मार्चात तपासणीची जीप फाटकात आली आणि बादलीतला आकडा साडेचारवर अडकला. गुणाजीने कांडी दोनदा घासली. मीटर तपासायच्या, सात आकड्याच्या औषधात बुडवली, तर तिथे बरोबर सात आला. बादलीत पुन्हा साडेचार.

"नाल्याचं पाणी भरलंस काय रे?" साहेब दबक्या आवाजात खेकसले.

"नाय साहेब. आमच्या विहिरीचंच हाय."

"फेक ते. माझ्या केबिनमधल्या विकतच्या बाटल्या आण."

बाटल्या बादलीत रिकाम्या झाल्या, सात आला. तपासणीवाल्यांनी तो वहीत लिहून घेतला आणि चहा पिऊन ते गेले.

गुणाजी केबिनच्या दाराशी येऊन उभा राहिला.

"आता काय?"

"साहेब, त्यातली एखादी बाटली उरली हाय काय? घरी प्यायला."