दगडांचं रिंगण

“यंदा पोरं नाहीत का हो, बाई?” खोली भाड्याने देणाऱ्या मावशींनी चहाचा कप पुढे करत विचारलं.

“पोरांना पोरं झाली,” बाई बुटाची नाडी बांधत म्हणाल्या.

“मग एकट्याच कशाला तंगडतोड करता?”

“झाडं बघायला. ती तरी ‘सुट्टी मिळत नाही’ म्हणत नाहीत.”

“आणि पुढच्या वर्षी?”

“गुडघ्यांना विचारून कळवते.”

किनाऱ्याच्या वाटेवरचा हा तिसरा दिवस. बाई झुडपाझुडपापाशी थांबत, वाकत, मोठ्याने सांगत, “ही मर्यादवेल. वाळू धरून ठेवते.” मग सवयीने मागे वळून बघत. मागे त्यांच्याच पावलांचे ठसे असत.

शाळेच्या सहलींत त्यांनी मुलांना दोन गोष्टी शिकवल्या होत्या. इथलं रोपटं दिसलं, की कुणाचा पाय पडू नये म्हणून भोवती दगडांचं रिंगण करायचं. आणि बाहेरून येऊन सगळी जागा बळकावणारी घाणेरी दिसली, की मुळासकट उपटायची. यंदा एकही नवं रिंगण दिसलं नव्हतं. बाईंनी शोधणंही सोडलं होतं.

दुपारी कड्याच्या वळणावर ते दिसलं. मुठीएवढे दगड, नीट गोल मांडलेले. बाईंनी एक उचलला. खालचं गवत अजून हिरवं होतं. दगड हातात तसाच घेऊन त्या लगबगीने वळणापलीकडे गेल्या. लांबवर वाळू आणि पाणी. कुणीच नव्हतं.

त्या परत आल्या, गुडघे धरत खाली बसल्या. रिंगणातल्या रोपाच्या पानावरून बोट फिरवलं. खरखरीत. घाणेरी!

त्यांना खुदकन हसू आलं. इतक्या वर्षांच्या सहलींत घाणेरीला इथलं रोपटं समजणारी एकच मुलगी होती, वेंधळी. “आपल्या इथल्या ऐरणीच्या झुडपाचं पान गुळगुळीत, घाणेरीचं खरखरीत. बोट लावून बघ गं,” असं कितीदा सांगितलं, तरी ती हात मागे घ्यायची. “नको बाई, त्याला दुखेल.”

“एवढी मोठी झालीस, तरी तेच!” बाई रोपाकडे बघत म्हणाल्या. जरा वेळाने हळूच म्हणाल्या, “आलीस, तर एक फोन करायचास ना गं.”

त्यांनी रोप बुंध्याशी धरलं. बराच वेळ धरून ठेवलं. मग सोडून दिलं आणि हातातला दगड रिंगणात होता तिथे परत ठेवला.