दिरहम की रुपये?

नाहूरच्या घरी नंदकिशोर एकटाच जेवत होता, तेवढ्यात दुबईहून मृणालिनीचा फोन आला. शाळेच्या जुन्या ग्रुपबरोबर फिरायला गेलेली बायको दुकानात त्याचं क्रेडिट कार्ड घेऊन उभी होती. “अरे, मशीन विचारतंय, दिरहम की रुपये? केयूर म्हणतोय, दिरहम दाब.” तिच्या वर्गातल्या या केयूरचं नाव दोन दिवसांत इतक्यांदा ऐकलं होतं की वरणभात बेचव लागला. बँकेत नंदकिशोर ग्राहकांना हेच सांगायचा, तिथलंच चलन निवडा, रुपये दाबले की मशीन महागडा दर लावतं. “रुपये दाब,” तो म्हणाला. “केयूरला काय कळतंय?” कार्डाचा मेसेज आला. तिने रुपयेच दाबले होते. “सहाशे रुपये जास्त गेले,” तो पुटपुटला, पण वरणभात गोड लागला. “दिरहम स्वस्त पडतात, ठाऊक होतं मला,” मृणालिनी म्हणाली. “पण त्याचं ऐकलं असतं, तर तुझा रुसवा सहाशेत निघाला नसता, राजा.”