कौल

तेजस्वीला बघायला आलेली रत्नागिरीची मंडळी घावने खाऊन उठली. मुलाचे वडील बँकेत मोठे साहेब. चपला घालता घालता म्हणाले, "मुलगी छान आहे. आता आम्ही कॉल घेतो."

तेजस्वीचा बाप भिकाजी सुखावला. एवढी शिकलेली माणसं, पण देवाला विचारल्याशिवाय पुढे जात नाहीत.

"कॉल म्हणजे फोन असेल हो," बायको म्हणाली.

"फोन करतो म्हणाले असते. घेतात तो कौल. इंग्रजी बोलून बोलून साहेबांची जीभ जरा वळली असेल, एवढंच."

दुसऱ्या दिवशी त्यानेही गुरवाला घेऊन देवळात कौल लावला. देवाच्या अंगावरचं उजवं फूल पडलं, म्हणजे होकार. मग त्याने पूर्णगडहून आलेलं स्थळ परस्पर नको म्हणून कळवून टाकलं.

पंधरवडा गेला तरी निरोप येईना, तेव्हा त्यानेच फोन लावला. "साहेब, कौल घेतलात का?"

"अहो, तो त्याच दिवशी घेतला. भाट्याचा पूल यायच्या आधीच, गाडी चालवता चालवता. आमचा नकार आहे."

भिकाजीने फोन खाली ठेवला. तेजस्वी शेजारीच उभी राहून सगळं ऐकत होती. मग लेकीला म्हणाला, "गाडीत त्यांचा गुरव कोण होता गो?"

 

"गुरव कशाला लागतोय, बाबा? त्यांचा देव स्वतःच गाडी चालवत होता."