मागचा आरसा

लेकीच्या मानेवरचे केस वर उचलले आणि बाबांचा कंगवा हवेतच थांबला.

तीच जागा. नाण्याएवढी, गुळगुळीत. गेल्या चार-पाच खेपा ते ही चकती आजूबाजूच्या केसांखाली बेमालूम झाकत आले होते. पण आज तिथे पांढुरकं काहीतरी दिसत होतं. आता हे काय नवीन?

सलून अजून उघडायचं होतं. महिन्यातून एकदा, गिऱ्हाइकं यायच्या आधी, लेक या खुर्चीत बसायची आणि बाबा तिच्या केसांची टोकं कापायचे. लहानपणापासूनचा नेम. चकती दिसली त्याच्या आधीच्याच खेपेला त्यांनी तिच्या मानेवर नवं मशीन फिरवलं होतं. झालं, बाबांनी स्वतःला गुन्हेगार ठरवून टाकलं. मशीन कपाटात गेलं. गावाची डोकी सांभाळणाऱ्या माणसाने पोटच्या पोरीच्या डोक्याची वाट लावली! हे तिला सांगायचं कुठल्या तोंडाने? त्यांनी सांगितलंच नाही.

"झालं का, बाबा?"

"झालं, झालं." बाबांनी घाईघाईने केस खाली सोडले आणि हातातला आरसा तिच्या मागे धरला.

"नीट दिसत नाहीये. सरळ धरा."

"सरळच आहे की!"

लेकीने हात मागे नेला आणि स्वतःच केस बाजूला केले. समोरच्या मोठ्या आरशात चकती लख्ख दिसली.

"माझ्यामुळे झालं गं हे," बाबा कसेबसे म्हणाले. "त्या मेल्या मशीनमुळे."

"मशीनचा काय संबंध? डॉक्टरांनी रक्त तपासलंय माझं. अंगाची राखण करणाऱ्या पेशीच केसांच्या मुळांना शत्रू समजून बसल्या होत्या. तशा खुणा रक्तात वाढलेल्या होत्या, आता औषधाने उतरल्यात. आणि ही पांढरी लव आहे ना, ते नवे केस आहेत. आधी असे पांढरेच येतात पुष्कळदा."

बाबा वाकले. चष्मा पुसून पुन्हा वाकले. बोटाने लव हळूच चाचपली. तान्ह्या बाळाच्या टाळूवर असते तशी मऊ. त्यांचे डोळे भरून आले. एवढा आनंद कुठे ठेवावा, त्यांना कळेना.

"कोण गं ते डॉक्टर? उपकार झाले त्यांचे. सांग त्यांना, जन्मभर केस कापून देईन. एक पैसा घेणार नाही."

"त्यांना टक्कल आहे, बाबा."

दोघंही खळखळून हसले. हसता हसता बाबांनी उपरण्याने डोळे टिपले.

"वेळेवर आलीस म्हणाले डॉक्टर," लेक म्हणाली. "उशीर झाला असता तर अवघड होतं."

"पण तुला मुळात कळलं कसं? मी तर कधी दिसू दिलं नाही."

"म्हणूनच कळलं. आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही माझ्या मागे आरसा तिरका धरलात, त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी डॉक्टरांकडे गेले."