राणीआई पायी निघाली

भोई पालखीला हात लावेनात.

ढोल वाजत होते, मोठाल्या रंगीत छत्र्या उघडल्या होत्या, सणासाठी सगळं अड्वेनासे गाव चौकात लोटलं होतं. आणि राणीआई अफ्राकोमा उंच चौथऱ्यावर टेकवलेल्या पालखीत बसून नुसती वाट पाहत होती. तिच्या पुढ्यात पाच-सहा वर्षांची पोकुआ बसली होती. पांढरं वस्त्र, दंडांवर पांढऱ्या मातीचे पट्टे, गळ्यात सोन्याची चकती. एवढ्या उंचावरून गाव बघायची तिची पहिलीच वेळ. ती खुशीत पाय हलवत होती.

मिरवणुकीत राणीआईच्या पुढ्यात जे मूल बसतं, ते तिचा आत्मा समजलं जातं. आजवर ते राजघराण्यातलंच असायचं. पोकुआ होती राजवाड्यामागच्या घरातली. ज्याचं नाव गावात कुणी घेत नसे, त्या रोगाने आईबाप गेलेली आणि मामा-काकांनी दाराबाहेर काढलेली पोरं राणीआईने तिथे आणून वाढवली होती. राजवाड्याच्या शेतातला कसावा आणि केळीचे घड आधी त्या घरात जात, उरलेलं बाकीच्यांना. त्यावरून बुजुर्गांची कुरकुर नेहमीचीच. आज मात्र प्रकरण कुरकुरीवर थांबणार नव्हतं.

बोआतेंग आपली सोनेरी मुठीची काठी धरून पालखीशेजारी उभा होता. राणीआई चारचौघांत थेट बोलत नसे. तिचं म्हणणं तो गावाला सांगे, गावाचं तिला. या कामात त्याचे केस पिकले होते. भोयांना मागे व्हायला कुणी सांगितलं, ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

बुजुर्गांचा मुखिया तवियाह मागच्या पालखीतून बसल्या बसल्याच बोलला.

"बोआतेंग, राणीआईंना सांग, अजून वेळ गेलेली नाही. आपल्या नातीला बसवा. या पोरीची आई कशाने मेली ते गावातलं शेंबडं पोर जाणतं. ढोलसुद्धा न वाजवता पुरली आम्ही तिला. आणि तिची पोर आमच्या राणीआईचा आत्मा?"

"जरा हळू बोला, ती ऐकतेय," बोआतेंग म्हणाला. हे सांगणं त्याच्या कामात बसत नव्हतं.

"ऐकू दे की! आज पालखीत बसवलीत, उद्या ताटात हात घालेल."

राणीआई पुटपुटली, "घालतेच. माझ्या फुफूच्या वाडग्यात रोज हात घालते. मी मेले का, ते नीट बघ म्हणावं."

तिच्या बोलण्याला मध लावून ते पुढे पोचवणं हीच बोआतेंगची कला. तो खाकरला आणि मोठ्याने म्हणाला, "राणीआई कळवतात की त्यांची तब्येत ठणठणीत आहे."

बाजारातल्या बायका खो खो हसल्या. तवियाहचा चेहरा काळवंडला.

"मग हेही सांग त्यांना. ही पोर खाली उतरली नाही, तर संध्याकाळी आम्ही बसू आणि राणीआईंच्या पायातल्या चपला काढून घेऊ."

हसू जागच्या जागी विरलं. चपला काढून घेणं म्हणजे गादीवरून उतरवणं. ढोलवाल्यांचे हातसुद्धा थांबले.

ते वाक्य राणीआईपर्यंत न्यायचं बोआतेंगच्या जिवावर आलं. न्यावं लागलंच नाही.

"संध्याकाळी या म्हणावं," ती म्हणाली. "आत्ता उशीर होतोय."

आणि ती पालखीतून उतरायला लागली. साठी उलटलेली बाई, अंगावर सोन्याचं आणि कापडाचं ओझं. राणीआई भर मिरवणुकीत उतरताना कुणी पाहिलीच नव्हती, त्यामुळे हात द्यायचं कुणाला सुचलं नाही. बोआतेंगने उशिरा का होईना, खांदा पुढे केला.

पोकुआचे पाय हलायचे थांबले होते. "मी घरी जाऊ?" तिने विचारलं.

"कशाला?" राणीआई पाठ वळवून वाकली. "चढ."

विणकरांनी महिनोन्‌महिने खपून विणलेलं आपलं रेशमी वस्त्र तिने खांद्यावरून काढलं, पोरीला त्यात गुंडाळून पाठीशी आवळलं आणि छातीवर गाठ मारली. बाजारात टोमॅटो विकणाऱ्या बाया मारतात, तशीच.

"शोभतं का हे?" तवियाह ओरडला. "राणी कुणाला पाठीवर घेत नाही!"

या खेपेला ती बोआतेंगसाठी थांबली नाही. सगळ्या चौकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "राणी पालखीतच आहे, तवियाह. उचला तिला. आई पायी येते."

बोआतेंगने एकदा बुजुर्गांकडे पाहिलं, एकदा तिच्या पाठीवरच्या गाठोड्याकडे. मग काठी उंच धरून तो पुढे झाला. "वाट द्या!" त्याचा आवाज चिरकला. त्याने पुन्हा आरोळी दिली. छत्रीवाला धावत येऊन तिच्या डोक्यावर छत्री धरू लागला. एक ढोल वाजला, मग त्याच्या शेजारचा, मग सगळेच.

चौकाच्या वळणावर बोआतेंगने मागे वळून पाहिलं, तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं. राणीआई जमिनीवर असताना अड्वेनासेत कुणी तिच्याहून उंच बसत नाही. मागे एकेक पालखी खाली टेकत होती. बुजुर्ग धोतरासारखी आपली भारी वस्त्रं सावरत उन्हात उतरत होते. सगळ्यांत शेवटी तवियाह. त्याला दोघांनी काखेत धरलं होतं.

पोकुआने मान वळवून ते पाहिलं.

"आजी, ते सगळे खाली उतरले. आता चालत येणार?"

राणीआईने मागे पाहिलं नाही.

"येतील की. त्यांनाही पाय आहेत, बाळ."