आसारी कोणी धरायची?

"मुलांसोबत खेळा, असं पालकांच्या शिबिरातल्या मॅडमनी सांगितलंय," म्हणत प्रल्हादरावांनी संक्रांतीला गच्चीवर पतंग चढवला आणि मांजा गुंडाळलेली आसारी लेकीच्या, कावेरीच्या हातात कोंबली. येवल्यात असा बाप दुसरा नाही, हे त्यांनी इतकं ओरडून सांगितलं की नुसत्या आवाजाने शेजाऱ्यांचे चार पतंग गोता खाऊन पडले.

"पप्पा, एकदा मला द्या ना उडवायला."

"तू आसारी धर गं नीट! आपण खेळतोय ना सोबत?"

दुपारी तिळाचा लाडू तोंडात टाकायला ते वळले, तर आसारी कठड्याला टेकवून पोरगी पसार. "आजकालच्या पोरांना बापाची किंमत नाही," असं पुटपुटत त्यांनी मांजा ओढला, तोच शेजारच्या गच्चीवरून एक लाल पतंग झेपावला आणि त्यांचा कापून गेला.

"काटला रे काटला!"

आवाज ओळखीचा होता. तिथे शकूरचाचा आसारी धरून उभे होते आणि मांजा होता कावेरीच्या हातात.

"बघितलंत? मीच शिकवलंय तिला!" प्रल्हादराव साऱ्या गल्लीवर गरजले.

"मग या की इकडे, पप्पा," कावेरी म्हणाली. "चाचांचे हात दुखलेत. आसारी धरा नीट. आपण खेळतोय ना सोबत?"